चिनी प्रौढांची मानसिक बलस्थाने कशी मोजावीत : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कुतूहल, दयाळूपणा, चिकाटी, संयम, कृतज्ञता, आशा अशा ज्या गुणांच्या आधारे माणूस आपले आयुष्य चालवतो आणि अडचणीतून वाट काढतो, त्यांना मानसशास्त्रात बलस्थाने म्हणतात. चिंता आणि नैराश्य यांची मोजमापे फार पूर्वीपासून आहेत. बलस्थानांचे पद्धतशीर मोजमाप मात्र या शतकाच्या सुरुवातीला उभे राहिले, आणि तेही प्रामुख्याने अमेरिकेत. ते चिनी प्रौढांसाठी वापरायचे ठरले की नवखा अभ्यासक बहुधा इंग्रजी प्रश्नावली घेतो, तिचे चिनी भाषांतर करवून घेतो, उत्तरांची सरासरी काढतो आणि ती अमेरिकी सरासरीच्या शेजारी ठेवतो. यातली शेवटची कृती सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त दिशाभूल तीच करते. त्याऐवजी काय करावे, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे. सगळ्या पायऱ्यांमागे प्रश्न एकच आहे : उत्तर देणारा माणूस स्वतःची तुलना मनातल्या मनात कोणाशी करतो, आणि आपण त्याच्या उत्तराची तुलना कोणाशी करणार आहोत?

पायरी १ : मोजमाप कशासाठी, हे लिहून काढा

प्रश्नावली शोधण्याआधी एका कागदावर आपला हेतू एका वाक्यात लिहा. समुपदेशनासाठी आलेल्या एका व्यक्तीला तिचे ठळक गुण दाखवायचे असतील, तर तुलना त्या व्यक्तीच्याच गुणांची आपसांत होते. शांघायमधील नोकरदार आणि खेड्यातून तिथे कामाला आलेले मजूर यांच्यातला फरक पाहायचा असेल, तर तुलना चीनच्या आतल्या दोन गटांची होते. एखाद्या प्रशिक्षणाचा परिणाम पाहायचा असेल, तर तीच माणसे आधी आणि नंतर तपासली जातात. चिनी आणि परदेशी प्रौढांची तुलना हा चौथा हेतू आहे, आणि तो सर्वांत अवघड आहे. पहिल्याच अभ्यासासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी २ : साधन निवडा

या निवडीवर पुढचे सारे अवलंबून असल्यामुळे येथे घाई करू नये. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ बलस्थानांची वर्गवारी प्रसिद्ध केली आणि ती शहाणपण, धैर्य, मानवता, न्याय, संयम आणि पारमार्थिकता या सहा सद्गुणांखाली मांडली. तिच्यावर आधारलेल्या व्हीआयए (‘व्हॅल्यूज इन ॲक्शन’, म्हणजे कृतीतली मूल्ये) प्रश्नावलीच्या मूळ रूपात प्रत्येक बलस्थानासाठी १० याप्रमाणे २४० विधाने होती, आणि प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे पाच पर्यायांतून सांगायचे होते. पुढे वेगवेगळ्या देशांत उत्तरांचे घटक विश्लेषण (कोणत्या विधानांची उत्तरे एकत्र वरखाली होतात ते पाहून त्यांचे गट शोधण्याची पद्धत) झाले, तेव्हा हे सहा गट बहुतेक ठिकाणी तसेच्या तसे सापडले नाहीत. यामुळे २४ बलस्थाने निरुपयोगी ठरत नाहीत, परंतु सहा सद्गुणांचे सहा एकत्रित आकडे काढून त्यांवर निष्कर्ष उभारण्याला आधार उरत नाही.

चिनी संदर्भात या अडचणीवर सर्वांत उपयोगी काम सॅम्युअल हो, दुआन वनजिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची चिनी सद्गुण प्रश्नावली ९६ विधानांची आहे, म्हणजे प्रत्येक बलस्थानासाठी चार. २४० विधानांतून ती काढताना चिनी संस्कृतीत न बसणारी किंवा वेगळा अर्थ देणारी विधाने गाळण्यात आली. उरलेल्या विधानांतून तीन मोठे गट पुढे आले : माणसांशी नाते जपणारे गुण, उत्साहाने जगाला सामोरे जाणारे गुण आणि स्वतःला आवरून सावधपणे वागण्याचे गुण. या संशोधन परंपरेतूनच दुआन आणि बू यांनी २०१७ मध्ये १५ विधानांचे छोटे साधन तयार केले, ज्यात इतरांबद्दलची आस्था, जिज्ञासा आणि आत्मनियंत्रण या तीन मिती प्रत्येकी पाच विधानांनी मोजल्या जातात. रॉबर्ट मॅक्ग्रा यांनी अनेक देशांतील फार मोठ्या माहितीतून २०१५ मध्ये जवळजवळ हीच त्रयी काढली होती, म्हणून तिच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवता येतो. मानसिक आजारातून जात असलेल्या व्यक्तींसाठी हो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १२ विधानांची आणखी छोटी मापनपट्टी दिली. तिच्यात संयम, बुद्धी आणि आंतरवैयक्तिक गुण असे तीन भाग आहेत.

यातून निवड साधारण अशी करावी. एका व्यक्तीला २४ गुणांचे चित्र दाखवायचे असेल तर ९६ विधानांची प्रश्नावली घ्यावी. मोठ्या सर्वेक्षणात बलस्थाने हा अनेक विषयांपैकी एक असेल तर १५ विधाने पुरेशी होतात, कारण लांब प्रश्नावलीच्या उत्तरार्धात माणसे थकून एकाच रांगेतल्या खुणा करत सुटतात. रुग्णालयात किंवा पुनर्वसन केंद्रात काम असेल तर १२ विधानांची पट्टी पाहावी.

बलस्थाने आणि त्यांच्या शेजारच्या संकल्पना यांची गल्लत होऊ देऊ नये. संकटातून सावरण्याची क्षमता मोजणारी कॉनर-डेव्हिडसन मापनपट्टी २५ विधानांची आहे. यू श्याओनान आणि झांग जियानशिन यांनी २००७ मध्ये तिची चिनी आवृत्ती तपासली, तेव्हा मूळ पाच घटकांऐवजी चिकाटी, बळ आणि आशावाद असे तीनच घटक मिळाले. ही पट्टी चांगली असली तरी तिच्यातून दया किंवा न्यायबुद्धी कळत नाही. आशा, आत्मविश्वास, लवचीकता आणि आशावाद यांना एकत्र बांधणारे मानसिक भांडवल हे नोकरीच्या क्षेत्रातून आलेले मोजमाप आहे, आणि त्यातले गुण प्रशिक्षणाने तुलनेने लवकर बदलतात असे मानले जाते. हेतू जर स्थिर स्वभावगुण पाहण्याचा असेल, तर ते साधन चुकीचे ठरेल.

आणखी एक साधन माहीत असलेच पाहिजे. फॅनी चुंग आणि त्यांच्या हाँगकाँग व चीनच्या मुख्य भूमीतील सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात चिनी व्यक्तिमत्त्व मापन सूची घडवली. तिच्यासाठी विधाने गोळा करताना त्यांनी पाश्चात्त्य चाचण्यांबरोबरच चिनी साहित्य, म्हणी आणि लोकांचे रोजचे बोलणे यांचाही आधार घेतला. तिच्यातून परस्परसंबंधांचा एक असा घटक निघाला, जो व्यक्तिमत्त्व पाच मोठ्या घटकांत मांडणाऱ्या पाश्चात्त्य प्रारूपात नीट सामावत नव्हता. सलोखा राखणे, उपकाराची जाण ठेवून त्याची परतफेड करणे, काटकसर आणि शिस्त यांसारखे गुण त्यात येतात. आपल्या अभ्यासात हे गुण महत्त्वाचे असतील, तर व्हीआयएच्या २४ गुणांवर थांबून चालणार नाही.

पायरी ३ : भाषा, लिपी आणि परवानगी

चिनी भाषेत तपासलेले साधन उपलब्ध असताना स्वतः भाषांतर करू नये. मुख्य भूमीत सरलीकृत लिपी चालते, तर हाँगकाँग, मकाव आणि तैवानमध्ये पारंपरिक लिपी. लिपी संगणकाने क्षणात बदलता येते, पण रोजच्या वापरातले पुष्कळ शब्द या प्रदेशांत वेगळे आहेत, म्हणून रूपांतरित प्रत त्या प्रदेशातल्या माणसाकडून वाचून घ्यावी. हाँगकाँगमध्ये वयस्क व्यक्तीला विधाने कॅन्टोनीजमध्ये वाचून दाखवायची असतील, तर तोंडी मजकूरही आधी लिहून ठरवावा. नाहीतर प्रत्येक मुलाखतकार आपापले विधान विचारेल.

भाषांतर टाळता येतच नसेल, तर दोन भाषांतरकारांनी स्वतंत्र मसुदे करावेत, तिसऱ्याने मूळ न पाहता चिनीतून पुन्हा इंग्रजीत आणावे आणि तिघांनी बसून मतभेद मिटवावेत. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही उलट भाषांतराची पद्धत आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही, कारण शब्दशः बरोबर आलेले विधानही विचित्र वाटू शकते. म्हणून वेगवेगळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या काही प्रौढांना प्रत्येक विधान वाचून ‘हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आले?’ असे विचारावे. श्रद्धेविषयीची विधाने, नेतृत्वाची विधाने आणि विनोदबुद्धीची विधाने यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्वजांची पूजा करणारा माणूस स्वतःला कोणत्याही धर्माचा अनुयायी म्हणवून घेईलच असे नाही, त्यामुळे धर्मसंस्थेशी बांधलेले विधान त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. विनोदाबाबत हाँगकाँगमधील युए श्याओदोंग यांनी दाखवून दिले आहे की चिनी समाजात विनोदाकडे दुहेरी दृष्टीने पाहिले जाते : तो चांगला मानतात, पण स्वतःला विनोदी म्हणवून घ्यायला कचरतात.

साधनकर्त्यांची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्यावी. कॉनर-डेव्हिडसनसारख्या काही पट्ट्यांना अधिकृत परवाना लागतो.

पायरी ४ : ‘चिनी प्रौढ’ म्हणजे नेमके कोण

प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांत चिनी प्रौढ म्हणजे प्रत्यक्षात विद्यापीठातले विद्यार्थी असतात. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये दर १,००,००० लोकांमागे १५,४६७ जणांचे शिक्षण महाविद्यालयीन पातळीचे होते. म्हणजे विद्यार्थ्यांचा नमुना हा समाजाच्या एका अरुंद पट्टीतून येतो आणि वयानेही तो विशीच्या आसपास अडकलेला असतो. त्याच जनगणनेत ६० वर्षे आणि त्यापुढील वयाचे लोक सुमारे २६ कोटी ४० लाख, म्हणजे १८.७ टक्के होते, आणि लोकसंख्येचा सुमारे ६४ टक्के भाग शहरांत राहत होता. सुमारे ३७ कोटी ६० लाख लोक आपल्या नोंदणीच्या गावापासून दूर राहत होते. या स्थलांतरितांना वगळून शहरी चीनचे चित्र पुरे होत नाही. सुमारे ९ टक्के लोक हान वंशाचे नाहीत आणि त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा चिनी नाही, ही गोष्टही नमुना ठरवताना नोंदवावी.

साठी ओलांडलेल्या व्यक्तींच्या उत्तरांकडे पाहताना त्यांनी आपल्या बालपणी किंवा तारुण्यात १९६० आणि १९७० च्या दशकांतील सांस्कृतिक क्रांतीचा काळ पाहिला, हे ध्यानात असावे. वृद्ध अधिक सावध आढळले, तर तो वयाचा परिणाम आहे की त्या पिढीच्या अनुभवाचा, हे एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून सांगता येत नाही.

पायरी ५ : उत्तर देण्याच्या सवयी आधीच हिशेबात घ्या

हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच अहवालांत एका वाक्यात उरकला जातो.

चुआनशंग चेन, शिन-यिंग ली आणि हॅरॉल्ड स्टिव्हन्सन यांच्या १९९५ च्या अभ्यासात तैवान आणि जपानमधील विद्यार्थी मापनपट्टीचा मधला पर्याय अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक वेळा निवडत होते, तर अमेरिकी विद्यार्थी टोकाचे पर्याय अधिक निवडत होते. याची कारणे एकापेक्षा अधिक असू शकतात. स्वतःची स्तुती स्वतः करू नये हा संस्कार त्यात आहे. कोणताही गुण प्रसंग पाहून कमीजास्त दाखवावा, ही मध्यममार्गाची शिकवणही त्यात आहे, आणि त्यामुळे ‘मी नेहमी धीट असतो’ या विधानावर विचारी माणूस थबकतो. शिवाय नम्रता हा २४ बलस्थानांपैकीच एक आहे, आणि खरा नम्र माणूस ‘मी नम्र आहे’ या विधानापुढे कोणती खूण करील, याचा विचार केला की स्वतःविषयीच्या विधानांची मर्यादा लगेच उमगते.

दुसरी अडचण तुलनेची. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की मापनपट्टीवर खूण करताना प्रत्येक जण आपल्या आसपासच्या लोकांशी स्वतःला जोखतो. सगळेच मेहनती असलेल्या गावातला मेहनती माणूस स्वतःला मध्यम ठरवतो. म्हणून दोन देशांच्या सरासऱ्या सारख्या आल्या तरी गुण सारखे असतात असे नाही, आणि वेगळ्या आल्या तरी ते वेगळे असतात असे नाही. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा २००४ मधील अभ्यास बलस्थानांचा नसला तरी याचे स्वच्छ उदाहरण आहे. सरकारी निर्णयांत आपल्या मताला किती वाव आहे, असे त्यांनी चीन आणि मेक्सिकोतील लोकांना विचारले, आणि थेट उत्तरांत चिनी लोकांनी मेक्सिकन लोकांपेक्षा अधिक वाव सांगितला. मग दोन्हीकडच्या लोकांना काल्पनिक व्यक्तींची तीच छोटी वर्णने देऊन त्या व्यक्तींनाही त्याच पट्टीवर बसवायला सांगितले. प्रत्येकाची पट्टी अशी उघड झाल्यावर क्रम उलटला.

यावर नवख्या अभ्यासकाला करता येण्याजोगे उपाय आहेत. मुख्य बलस्थानांसाठी अशी दोन-तीन काल्पनिक वर्णने प्रश्नावलीत घालता येतात. ‘मी दयाळू आहे’ यासारख्या विधानाऐवजी ‘गेल्या महिन्यात ओळख नसलेल्या व्यक्तीला मी मदत केली’ असे घडलेल्या वागण्याचे विधान घेता येते. ज्याला परवानगी असेल, त्याच्या जोडीदाराकडून किंवा जुन्या मित्राकडून तीच विधाने भरून घेता येतात, कारण जवळच्या माणसाला दुसऱ्याबद्दल बोलताना नम्रतेचा तेवढा अडसर नसतो. मधला पर्याय काढून टाकणे हा उपाय मात्र मला पसंत नाही. ‘प्रसंगावर अवलंबून आहे’ हे ज्याचे खरे मत आहे, त्याला त्यामुळे खोटी बाजू घ्यावी लागते.

पायरी ६ : माहिती गोळा करणे

चीनमध्ये ऑनलाइन सर्वेक्षणे बहुधा वनजुआनशिंग या मंचावर तयार करून वीचॅट या संदेशांच्या ॲपवरून पाठवली जातात, आणि मोबदला म्हणून थोडी रक्कम होंगबाओ, म्हणजे लाल पाकिटाच्या रूपात देण्याची प्रथा आहे. मोबदला आला की एकच माणूस दोनदा भरणे, न वाचता भरणे हे प्रकारही येतात. एकाच खात्यावरून एकच उत्तर घ्यावे, ‘या विधानासाठी दुसरा पर्याय निवडा’ अशी एक-दोन तपासणीची विधाने ठेवावीत आणि किती कमी वेळात आलेले उत्तर बाद करायचे, हे माहिती पाहण्याआधी ठरवावे. वस्तीपातळीवर रहिवासी समितीची मदत मिळाली तर वृद्धांपर्यंत पोहोचणे सोपे होते, परंतु समितीचा कार्यकर्ता किंवा कार्यालयातला वरिष्ठ शेजारी उभा असेल तर उत्तरे चांगुलपणाकडे झुकतात. उत्तरे भरताना अशा व्यक्ती खोलीत नसाव्यात, आणि भरलेला कागद त्यांच्या हातून परत येऊ नये.

चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. आरोग्य आणि धार्मिक श्रद्धा यांची माहिती त्यात संवेदनशील मानली जाते, तिच्यासाठी वेगळी संमती लागते आणि वैयक्तिक माहिती देशाबाहेर नेण्यावर अटी आहेत. पुण्यात किंवा लंडनमध्ये बसून चिनी माहितीवर काम करणाऱ्याने चिनी सहसंशोधकाच्या संस्थेच्या नीती समितीची मान्यता आधी घ्यावी आणि ओळख पटवणारे तपशील तिथेच काढून मगच माहिती स्वीकारावी.

पायरी ७ : आकडेमोड आणि तिचा अर्थ

प्रत्येक बलस्थानाच्या विधानांची सरासरी काढणे सोपे आहे; त्या सरासरीत किती अनिश्चितता आहे, हे पाहणे विसरले जाते. समजा चार विधानांचा आपसांतला सरासरी सहसंबंध ०.३५ आहे, तर क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधाने मिळून एकच गोष्ट किती सुसंगतपणे मोजतात याचा आकडा, सुमारे ०.६८ येतो. तीच गुणवत्ता असलेली दहा विधाने असती तर तो ०.८४ आला असता. म्हणजे लहान पट्टीचा अल्फा ०.७० च्या किंचित खाली आला म्हणून ती टाकून देऊ नये, पण तिच्या आधारे एका व्यक्तीबद्दल ठाम बोलूही नये. पाच पर्यायांच्या चार विधानांत एका विधानाचे उत्तर एका घराने सरकले की सरासरी ०.२५ ने बदलते. गुणांचा पसारा सांगणारे प्रमाण विचलन ०.६ आणि विश्वसनीयता ०.७० असेल, तर एका गुणाच्या मापनातली प्रमाण त्रुटी सुमारे ०.३३ असते. अशा स्थितीत चौथ्या आणि सहाव्या क्रमांकांच्या बलस्थानांत ०.२५ चा फरक असेल, तर एकाला ठळक आणि दुसऱ्याला सामान्य म्हणण्याला आधार नाही. व्यक्तीला पहिल्या पाचांची यादी देण्यापेक्षा वरचा, मधला आणि खालचा असे गट दाखवणे अधिक प्रामाणिक आहे.

बलस्थानांचे गुण जवळजवळ नेहमीच एकमेकांशी सकारात्मक सहसंबंध दाखवतात, कारण काही माणसे सगळीकडेच वरचा पर्याय निवडतात आणि काही सगळीकडेच खालचा. व्यक्तीच्या आतली तुलना करताना प्रत्येक गुणातून त्या व्यक्तीची एकूण सरासरी वजा करावी. दोन व्यक्तींच्या किंवा गटांच्या तुलनेसाठी मात्र ही वजाबाकी वापरू नये, कारण मग आकडे केवळ क्रम सांगतात, पातळी सांगत नाहीत.

गटांची तुलना करण्याआधी मापन-समानता, म्हणजे साधन दोन्ही गटांत एकच गोष्ट एकाच तऱ्हेने मोजते का, हे तपासावे लागते. पुरुष आणि स्त्रिया, शहर आणि खेडे, मुख्य भूमी आणि हाँगकाँग अशा प्रत्येक जोडीसाठी ती वेगळी पाहावी. आधी घटकांची रचना दोन्हीकडे सारखी आहे का, मग विधाने आपल्या घटकाशी सारख्याच ताकदीने जोडलेली आहेत का, आणि शेवटी गुण सारखा असताना दोन्ही गट विधानाला सारखेच उत्तर देतात का, अशा क्रमाने जावे. प्रत्येक पुढच्या टप्प्यावर तुलनात्मक सुसंगती निर्देशांक (गृहीत धरलेली रचना माहितीशी किती जुळते, याचा आकडा) ०.०१ पेक्षा अधिक घसरू नये, हा गॉर्डन चुंग आणि रॉजर रेन्सव्होल्ड यांचा २००२ मधील निकष सर्रास वापरला जातो. तिसरा टप्पा पार झाला नाही, तर सरासऱ्यांची तुलना करू नये. दुसरा पार झाला असेल तर बलस्थानांचा जीवनसमाधानाशी असलेला संबंध दोन्ही गटांत ताडून पाहता येतो. माझ्या अनुभवात नवख्या संशोधकाला हीच तुलना अधिक काही शिकवून जाते.

पायरी ८ : निष्कर्ष परत देणे

व्यक्तीला तिचे चित्र परत देताना तिचा खालचा गट ‘कमतरता’ म्हणून दाखवू नये, कारण ही साधने आजाराच्या निदानासाठी घडलेली नाहीत आणि त्यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी रेषा नाही. नोकरीसाठी निवड करताना ही साधने वापरण्याची मागणी मालकाकडून आली, तर नकार द्यावा. ज्याची नोकरी उत्तरावर अवलंबून आहे, त्याचे उत्तर बलस्थानांविषयी राहत नाही. अहवालात साधनाची नेमकी आवृत्ती, लिपी, विधानांची संख्या, माहिती गोळा केल्याचे शहर आणि महिना, बाद केलेल्या उत्तरांची संख्या आणि बाद करण्याचा निकष नोंदवावा. विधानांचा वापरलेला चिनी मजकूर, साधनकर्त्यांची परवानगी असेल तर, परिशिष्टात जसाच्या तसा जोडावा, म्हणजे चंगदू किंवा तैपेईतला पुढचा अभ्यासक आपल्या नमुन्यातली उत्तरे नेमक्या कोणत्या वाक्यांच्या उत्तरांशी ताडून पाहत आहे, हे त्याला पाहता येईल.